विदर्भातल्या शाळेत शेती आणि फळबागेचा विषय घेताय? सुरुवात अशी करा

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजात अर्ज भरताना कोणीतरी सांगतेच, "शेतीचा विषय घे, सोपा असते, मार्क भेटते." एवढ्यावर विषय घेतलेली मुलं दिवाळीपर्यंत कंटाळतात. कारण या विषयात रसायनशास्त्र आहे, वनस्पतिशास्त्र आहे, कीटक आहेत, हवामान आहे आणि त्रैराशिक तर पानोपानी आहे. विषय सोपा नाही. पण गावातल्या मुलामुलींना याच्याइतका जवळचा विषयही दुसरा मिळणार नाही. बाकीच्या विषयांची प्रयोगशाळा कुलपात असते, याची आपल्या वावरात आहे.

घरी शेती आहे म्हणून आपल्याला सगळं येतं असं समजू नका, आणि बाबा करतात ते जुनाट, पुस्तकातलं तेवढं खरं, असंही समजू नका. घरच्यांना जे ठाऊक आहे त्याच्या शेजारी आकडा लिहायला शिकणं हा या विषयाचा गाभा आहे. काळी जमीन पाणी धरून ठेवते हे गावात सगळ्यांना माहीत असतं. किती धरते आणि किती दिवस धरते, हे मोजायला लागलात की अभ्यास सुरू झाला. पुढे जो क्रम सांगतो आहे, तो नवख्या विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे.

पहिली पायरी: कोणत्या वाटेने जायचं ते ठरवा

नववी-दहावीत असाल तर आधी शाळेत चौकशी करा. काही शाळांत व्यावसायिक विषय म्हणून शेतीचा विषय असतो, काहींमध्ये मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स असतो. या कोर्सचं मूळ पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि हाताने काम करत शिकायची ही पद्धत तिथून शाळाशाळांत गेली. त्यात वर्कशॉप, वीज आणि अन्नप्रक्रियेच्या जोडीला शेती आणि रोपवाटिकाही येते. शाळेत यापैकी काहीच नसलं तरी अडत नाही. पोषण आहारासाठी शाळेत परसबाग असते किंवा करता येते. ती एखाद्या सरांकडून मागून घ्या आणि आपल्या वर्गाकडे ठेवा.

दहावीनंतर मुख्य वाटा तीन. पहिली, अकरावी-बारावी विज्ञान आणि त्यात द्विलक्षी विषय (बायफोकल, म्हणजे विज्ञानासोबत घ्यायचा व्यवसायाचा विषय) म्हणून पीकशास्त्र किंवा पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय. द्विलक्षी विषय २०० गुणांचा असतो. दुसरी, बारावीचा व्यावसायिक अभ्यासक्रम, म्हणजे बारा‍वीतच उद्यानविद्या किंवा पीकशास्त्राकडे जास्त कल असलेला. तिसरी, कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या कृषी तंत्र विद्यालयातली दहावीनंतरची पदविका. अवजारं आणि यंत्रांची आवड असेल तर आयटीआयचा मेकॅनिक ट्रॅक्टर हा ट्रेडही ध्यानात ठेवा.

बी.एस्सी. कृषी करायचं पक्कं असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: अकरावी विज्ञान घ्या, भौतिक आणि रसायनशास्त्रासोबत जीवशास्त्र ठेवा, गणित झेपत असेल तर तेही सोडू नका, आणि मिळत असेल तर पीकशास्त्र घ्या. पदविकेनंतर पदवीला थेट प्रवेश मिळण्याचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून पदविकेला नाव टाकण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, शेजारच्या दादाने त्याच्या वेळचं सांगितलेलं पुरेसं समजू नका.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. नाव गावच्या कॉलेजात आणि मुक्काम अकोला, अमरावती किंवा नागपूरच्या क्लासमध्ये, असं करणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत. बाकी विषयांत ते कदाचित चालून जात असेल. पीकशास्त्रात ते चालत नाही. जून ते जानेवारी हा हंगाम एकदाच येतो. त्या काळात वावर पाहिलं नाही तर फेब्रुवारीत प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याची पाहून भरावी लागते, आणि तोंडी परीक्षेत ते पहिल्याच प्रश्नाला कळतं.

दुसरी पायरी: एक वही आणि एक डबा

शाळेच्या वहीशिवाय जाड पुठ्ठ्याची एक वेगळी वही घ्या. प्रत्येक पानावर तारीख, पाऊस, पिकात काय काम झालं आणि काय दिसलं, एवढं लिहा. तारखेच्या बाजूला नक्षत्रही लिहा. रोहिणी, मृग, आर्द्रा अशा हिशोबाने बोलणारे आजोबा आणि तारखांच्या हिशोबाने बोलणारं पुस्तक एकाच पानावर आले की दोघांकडून शिकता येतं. "औंदा मृग कोरडा गेला" हे आजोबांचं वाक्य आणि ७ जून ते २१ जून या दिवसांतली तुमची पावसाची नोंद शेजारीशेजारी वाचून पाहा.

पाऊस मोजायला महागडं काही लागत नाही. सरळ उभ्या भिंतीचा, तोंड आणि बूड सारखं असलेला डबा घ्या. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर, वाऱ्याने पडणार नाही असा रोवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी मिलिमीटरमध्ये मोजा, लिहा, डबा रिकामा करा. साडेआठ ही वेळ हवामान खात्याची आहे. तीच पाळली म्हणजे तुमचा आकडा महसूल मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. दोन्हींत फरक पडेल. मंडळाच्या गावी झोडपून जातो आणि आपल्या शिवारात शिंतोडेही येत नाहीत, हे विदर्भात नेहमीचंच आहे, आणि पीकविम्याच्या भांडणाचं एक मूळही तेच आहे.

आता हिशोब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकर म्हणजे ४० आर, साधारण ४,००० चौरस मीटर. म्हणजे एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की चार हजार लिटर पाणी आलं. सोयाबीन पेरायला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा असं का सांगतात, ते या डब्याने कळतं. पहिल्या वीस-पंचवीस मिलिमीटरला वरची माती ओली दिसते, पण खुरपं घातलं की बोटभर खाली कोरडी ढेकळं लागतात. त्या ओलीवर पेरलेलं बियाणं उगवण्याआधीच मरतं आणि दुबार पेरणी येते.

तिसरी पायरी: आपली माती हातात घेऊन पाहा

या पायरीला घाई करू नका, पुढचा सगळा अभ्यास हिच्यावर उभा आहे.

पश्चिम विदर्भातल्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त असतं, आणि ती चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची असते. हे खनिज पाण्याने फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात त्याच वावरात चप्पल निघत नाही. पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत, चित्र वेगळं. तिथले कास्तकार कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी नावं घेतात, आणि कोणत्या बांधीत पाणी उभं राहतं, कोणत्या उंचवट्यावर धान टिकत नाही, हे त्या नावांवरूनच ठरवतात. आपल्या गावची ही नावं वहीत लिहा आणि प्रत्येक जातीच्या मातीची मूठभर आणून ठेवा.

मग एक साधा प्रयोग करा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती टाका, वर पाणी भरा, झाकण लावून चांगली हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. मिनिटभरात तळाला वाळू बसते, काही तासांनी तिच्यावर पोयट्याचा थर येतो. काळ्या मातीची बरणी दुसऱ्या दिवशीही वर गढूळच असते, कारण चिकणमातीचे कण फार बारीक असतात आणि बसायला वेळ घेतात. नदीकाठच्या मळईची बरणी शेजारी ठेवलीत तर दोन्ही थर पट्टीने मोजून वहीत काढता येतील.

दुसरा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखाली. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. संत्र्याची झाडं चुनखडीच्या जमिनीत नीट वाढत नाहीत, पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात, कारण अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. बाग लावण्याआधी हे चार थेंब टाकले असते तर वाचला असता, असा खर्च झालेली घरं प्रत्येक तालुक्यात सापडतात.

तपासणीसाठी माती पाठवायची तर नमुना असा घ्या. पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात, वावरात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. धुरा, खताचा ढीग, झाडाखालची जागा, विहिरीचा काठ सोडा. प्रत्येक जागी इंग्रजी व्हीसारखा वीतभर, म्हणजे २० ते २२ सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि एका बाजूची वरपासून खालपर्यंत पातळ चकती काढा. सगळी माती गोणपाटावर मिसळा, पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा, चिठ्ठीवर नाव, गट क्रमांक, मागचं पीक, पुढचं पीक लिहा. फळबागेसाठी मात्र वीतभर खोली पुरत नाही. तिथे खालपर्यंत खड्डा घेऊन ० ते ३०, ३० ते ६०, ६० ते ९० सेंटिमीटर अशा थरांचे वेगळे नमुने द्यावे लागतात, कारण झाडाची मुळं तिथे जाणार आहेत.

अहवाल आला की सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल) आधी पाहा. साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असेल तर बहुतेक पिकांना चालतं. नंतर सेंद्रिय कर्ब. खताच्या शिफारशीवर सगळ्यात शेवटी या.

चौथी पायरी: बियाणं पेरण्याआधी तपासा

एप्रिल-मे महिन्यात करायचं हे काम आहे आणि घरच्यांच्या लगेच उपयोगी पडणारं आहे. तुमच्या शिकण्यावर घरचा विश्वास इथूनच बसायला लागतो.

घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून वेगवेगळ्या थरांतून मूठमूठ काढा. न निवडता सरसकट १०० दाणे मोजा. ओलं करून पिळलेलं गोणपाट जमिनीवर पसरा, दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट ठेवून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. ओल मोडू देऊ नका. सहाव्या-सातव्या दिवशी उघडा. चांगला कोंब आणि चांगलं मूळ असलेले तेवढेच मोजा. नुसता फुगलेला, कुजलेला, अर्धवट तुटलेला कोंब मोजू नका. अशा तीन-चार गुंडाळ्या करून सरासरी काढा.

७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं लागतं. ६० उगवले तर तीस गुणिले सत्तर भागिले साठ, म्हणजे ३५ किलो. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं. पोतं उंचावरून आपटलं, थप्पी फार उंच लावली की उगवण घटते, आणि हे वरून दिसत नाही. तपासल्यावर तुमच्या गुंडाळीतच दिसेल.

घरचं बियाणं ठेवता येतं ते सोयाबीनसारख्या सरळ वाणाचं. कपाशीचं बीटी बियाणं संकरित असतं, त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत. सरळ वाण आणि संकरित वाण यांतला फरक परीक्षेत हमखास विचारतात. घरच्या सोयाबीनच्या पोत्याचं आणि बीटीच्या पाकिटाचं उदाहरण देऊन लिहा.

बीजप्रक्रियेचा क्रम पाठ करा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियमसारखं जिवाणू खत. क्रम उलटला तर औषध जिवाणूंनाच मारतं. हातमोजे घाला आणि घरच्या जेवणाच्या भांड्यात हे काम करू नका.

धानपट्ट्यात असाल तर मिठाच्या पाण्याची चाचणी करा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात धान सोडा. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाका. तळाचं बियाणं साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवा आणि मग पऱ्हे टाका. रोवणीच्या वेळी या पऱ्ह्यांची मुळं आणि शेजाऱ्याच्या पऱ्ह्यांची मुळं शेजारी ठेवून पाहा.

बियाणं साठवायच्या बाबतीत माय आणि आजीला विचारायला विसरू नका. राखेत तूर कशी ठेवायची, निंबाचा पाला कुठे घालायचा, कोणती कणगी दमट असते, हे बहुतेक घरांत त्यांनाच जास्त कळतं. आणि मुलींनो, पेरणी, निंदण, वेचणी तुम्ही हाताने केलेली असते. फवारणीचं प्रमाण काढणं, माती तपासणीचा अहवाल वाचणं हे पुरुषांचं काम असं घरात कोणी म्हणालं तरी वही तुमच्या हातात राहू द्या.

पाचवी पायरी: एक वाफा आपला

बाबांकडून किंवा शाळेकडून थोडी जागा मागा. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब असे दोन वाफे पुरतात. दोन्हींत एकच पीक घ्या: मेथी, पालक, चवळी, काहीही. एकाच वाफ्यावर सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन टाका, दुसरा उघडा ठेवा. पाणी मोजून सारखंच द्या. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम. दोन गोष्टी बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. आठवड्यातून एकदा निंदण करताना प्रत्येक वाफ्यातलं तण उपटून वजन करा. काढणीच्या दिवशी भाजीचं वजन करा. शेळ्यांसाठी बोरीच्या काट्यांचं कुंपण पहिल्या दिवशीच करा.

खताचा हिशोबही इथेच शिका. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. समजा एकरी २४ किलो नत्र द्यायचं आहे, तर २४ भागिले ०.४६, म्हणजे सुमारे ५२ किलो युरिया. झाडांच्या संख्येचा हिशोबही याच जातीचा आहे. संत्रा ६ मीटर बाय ६ मीटरवर लावला तर एका झाडाला ३६ चौरस मीटर, एकरात १११ झाडं. कपाशी १२० बाय ४५ सेंटिमीटरवर असेल तर झाडाला ०.५४ चौरस मीटर, एकरात सात हजार चारशेच्या आसपास. असे दोन-तीन हिशोब रोज घातले की या भागाची भीती जाते.

सहावी पायरी: कीड ओळखा, औषध मुलांनी मारू नका

कपाशी फुलावर आली की सकाळी वावरात फिरा. एखादं फूल उमलायच्या ऐवजी पाकळ्या एकमेकींना चिकटून बंद राहिलेलं दिसेल. याला डोमकळी म्हणतात. अलगद उघडा, आत गुलाबी बोंडअळी असते. पुढे हिरव्या बोंडात ती शिरते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून वावरात फिरत २० हिरवी बोंडं तोडून चिरून पाहतात. दोन किंवा जास्त बोंडांत अळी सापडली तर नुकसानीची पातळी ओलांडली. अळी दोन सरक्या एकमेकींना जोडून आतून खाते. अशी जोड सरकी सापडली तर वाळवून वहीत चिकटवा.

पतंग मोजायला कामगंध सापळे असतात, एकरी दोन. त्यातल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो, नर येऊन अडकतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग आणि सलग तीन दिवस तसेच, म्हणजे उपाय करायची वेळ आली. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने काय केलं ते घरी विचारा. आकडे आणि आठवणी दोन्ही मिळतील. याच वावरात मित्रकिडीही दिसतील: ढालकिडा, क्रायसोपा, मावा खाणाऱ्या अळ्या. त्यांची चित्रं काढा. कोणती कीड कोणाला खाते हे कळल्याशिवाय फवारणीचा निर्णय घेता येत नाही.

त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. उंच वाढलेली पऱ्हाटी, डोक्याच्या वर उडणारं औषध, अंगावर साधा शर्ट, एकात एक मिसळलेली औषधं. हे प्रकरण अभ्यासक्रमात असो वा नसो, तुम्ही ते शिकाच. डब्यावरचा त्रिकोण पाहा: लाल अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सगळ्यात कमी. लेबल घरी मोठ्याने वाचून दाखवा. शाळेतल्या मुलामुलींनी पंप पाठीवर घ्यायचा नाही, सरांनी सांगितलं तरी नाही आणि घरच्यांनी सांगितलं तरी नाही. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, लाळ असं कोणाला फवारणीनंतर झालं तर औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना.

तुम्ही करू शकता ते निंबोळी अर्काचं काम. मे-जूनमध्ये निंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळवा. पाच किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, एकूण १०० लिटर करा. हा पाच टक्के अर्क झाला.

वावरात जाताना बूट घाला, गवतात हात घालण्याआधी काठी फिरवा. ढग गडगडायला लागले की झाडाखाली थांबू नका. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप घरच्या फोनवर टाकून ठेवा.

सातवी पायरी: कलम बांधायला शिका

फळबागेचा भाग वाचून कळत नाही, हाताने करावा लागतो. पावसाळ्यात गुटी कलमाने सुरुवात करा. डाळिंबाची किंवा लिंबाची पेन्सिलीएवढी फांदी निवडा, एक इंच रुंद सालीचं वर्तुळ पूर्ण काढा, आतला चिकट थर खरवडून टाका, भिजवून पिळलेलं शेवाळ भोवती दाबा आणि प्लास्टिकच्या पट्टीने दोन्ही टोकं घट्ट बांधा. काही आठवड्यांनी पट्टीतून पांढरी मुळं दिसतात. साल काढल्याने पानांत तयार झालेलं अन्न खाली जाऊ शकत नाही, ते तिथेच साठतं आणि मुळं फुटतात. जीवशास्त्रातला परिकाष्ठाचा, म्हणजे अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांचा, धडा या फांदीवर आहे.

मग संत्रा. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीच्या बाजूला राहत असाल तर हिवाळ्यात एखाद्या रोपवाटिकेत दोन दिवस नुसते बसा. जंबेरी लिंबाच्या खुंटावर (ज्यावर कलम बांधतात त्या रोपावर), जमिनीपासून वीतभर वर, इंग्रजी टीसारखी चीर देतात. चांगल्या मातृवृक्षाच्या फांदीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढतात, सालीखाली सरकवतात, पट्टी बांधतात. कुशल माणसाच्या हातून हे काही सेकंदांत होतं. डोळा उलटा बसू नये, चाकू स्वच्छ असावा, आणि जोड मातीत गाडला जाऊ नये, कारण जोडाला माती आणि पाणी लागलं की फायटोफ्थोरा बुरशी शिरते आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होतो. या बुरशीसाठी खोडाला बोर्डो मलम लावतात: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. फवारायच्या एक टक्का मिश्रणात हेच दोन पदार्थ १०० लिटर पाण्यात असतात. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका, प्लास्टिकचं घ्या.

बहाराचा, म्हणजे झाडाला एकदम फुलं येण्याचा, धडा आला की संत्र्याच्या बागेत जा. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळं दिवाळीच्या सुमारास. मृग बहाराची फुलं जून-जुलैत, फळं फेब्रुवारी ते एप्रिल. फुलं येण्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतात. भारी जमिनीत ताण जास्त दिवस द्यावा लागतो, हलक्यात कमी. बरणीतल्या चिकणमातीच्या थराशी याचा संबंध लावून वहीत कारण लिहा.

आठवी पायरी: कोणाकडे जायचं

विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, स्थापना २० ऑक्टोबर १९६९. ज्यांचं नाव त्याला आहे ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री. विद्यापीठाची शिवारफेरी भरते तेव्हा शाळेची सहल तिकडे न्या, वाणांचे प्लॉट शेजारीशेजारी पाहायला मिळतात. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, आणि १९०६ पासूनचं कृषी महाविद्यालय आहे. त्याहून जवळ म्हणजे कृषी विज्ञान केंद्र: सेलसुरा (वर्धा), दुर्गापूर (अमरावती), सिंदेवाही (चंद्रपूर), साकोली (भंडारा), करडा (वाशिम) अशी ठिकाणं आहेत. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. रोगट पान कागदात गुंडाळून, मुळासकट रोप पिशवीत घालून, आणि वही घेऊन जा. "पीक पिवळं पडलं" असं सांगण्यापेक्षा पेरणीची तारीख, पावसाचे आकडे आणि पान समोर ठेवलं की शास्त्रज्ञ वेळ काढून बोलतात.

नववी पायरी: परीक्षा आणि पुढचा प्रवेश

प्रात्यक्षिकासाठी तणांचा, किडींचा आणि बियाण्यांचा संग्रह लागतो. तणं पावसाळ्यातच गोळा करा: कुंदा, हरळी, लव्हाळा, गाजरगवत, दुधी. वर्तमानपत्रात दाबून वाळवा, खाली तारीख आणि वावराचं नाव. लेखी उत्तरात व्याख्या नेमकी, आकृती पेन्सिलीने, आणि उदाहरण आपल्या गावचं.

बी.एस्सी. कृषीसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) किंवा पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र), दोन्ही गट चालतात. पदवी चार वर्षांची. पशुवैद्यकीय पदवीसाठी मात्र नीट लागते, आणि त्याचं विद्यापीठ नागपुरात आहे. सीईटीचा अभ्यास अकरावीपासूनच करा, कारण तिच्यात अकरावीचाही भाग असतो.

कागदपत्रं बारावीच्या निकालानंतर जमवायला गेलात तर धावपळ होते. सातबारा, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर, यांची यादी अकरावीतच करून ठेवा. जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्याचा अर्ज अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजमार्फत द्या, आणि पोचपावतीची झेरॉक्स त्याच जाड वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवा.